२७ इंची ४के मॉनिटर लॅपटॉपला जोडला पण माऊस अडखळतो, अक्षरं बारीक दिसतात: नक्की बिघडलंय काय?

प्रश्न थोडक्यात असा होता. इंदिरानगरला घरून ड्रॉइंगचं काम करणाऱ्या एका भाऊंनी २७ इंची ४के मॉनिटर घेतलाय. लॅपटॉप इंटेल दहाव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, एचडीएमआयने जोडलाय. माऊस ओढल्यासारखा चालतो, अक्षरं फार बारीक दिसतात, आणि स्केल (अक्षरं-चिन्हं मोठी करायची विंडोजची सेटिंग) वाढवलं की जुनं सॉफ्टवेअर धूसर होतं. मॉनिटर परत करू का ग्राफिक कार्डवाला नवीन लॅपटॉप घेऊ, असं विचारतायत.

भाऊ, दोन्ही नका करू, निदान आज तरी. तुम्ही लिहिलंय त्यावरून मॉनिटरही ठीक आहे आणि लॅपटॉपही ठीक आहे, गडबड त्या दोघांच्या मधे आहे. नाशकात ऑफिसांचे कॉम्प्युटर बसवून देणं आणि सांभाळणं हाच माझा धंदा, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली डिझाइन डिपार्टमेंटं, कॉलेज रोडचे सीए, वकील, आणि आता घरून काम करणारी आयटीची पोरं, आणि ४के मॉनिटरची तक्रार आली की मी मॉनिटरकडे बघतच नाही, आधी लॅपटॉपच्या कडेला कुठलं पोर्ट आहे ते बघतो. लोक मॉनिटरवर महिनाभर रिव्ह्यू बघतात, पॅनल आयपीएस का व्हीए, रंग ९९ टक्के एसआरजीबी का नाही, आणि ज्या भोकात वायर खुपसायची त्याच्याबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत.

पहिलं काम, आत्ताच करा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, आणि तिथे खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. वरती मॉनिटर निवडायचा असतो, तिथे बाहेरचा निवडा, नाहीतर लॅपटॉपच्या स्क्रीनचा आकडा बघून लोक मला म्हणतात अहो ६०च दाखवतंय. बाहेरच्याचा रिफ्रेश रेट जर ३० हर्ट्झ असेल (असणार, मी जवळपास खात्रीने सांगतो) तर माऊसची तक्रार तिथेच सुटली. तीस हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीसच चित्रं. पिक्चर बघताना काही कळत नाही, पण माऊसचा बाण गोल गोल फिरवून बघा, एक सलग वर्तुळ दिसायच्या ऐवजी सुटे सुटे बाण दिसतात. ऑटोकॅडमधे क्रॉसहेअर (तो अधिकच्या चिन्हासारखा कर्सर) हाताच्या मागून येतो, झूम करताना धक्के बसतात, आणि संध्याकाळी डोकं धरतं ते वेगळंच.

आता हे ३० का झालं ते हिशोबाने बघू, म्हणजे कुणी काहीही गळ्यात मारणार नाही. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलच्या रंगाला २४ बिट, आणि हे सेकंदाला ६० वेळा पाठवायचं, तर नुसतं चित्रच साधारण ११.९ गिगाबिट दर सेकंदाला होतं. तुमच्या लॅपटॉपचं एचडीएमआय बहुतेक १.४ आहे, २००९ सालचं स्टँडर्ड, त्याची कागदावरची ताकद १०.२ गिगाबिट, त्यातून कोडिंगचा भाग वजा जाता चित्रासाठी उरतात ८ च्या आसपास. बसतच नाही. मग बिचारं निम्म्यावर येतं, ३० वर. मॉनिटरला एचडीएमआय २.० असेल, खोक्यावर लिहिलेलंही असेल, पण त्याने काही फरक पडत नाही, फ्लायओव्हरवरून तुम्ही कितीही सुसाट या, खाली द्वारका चौकात उतरलात की तिथली गर्दी ठरवते तुम्ही कधी पोचणार. २.० हे २०१३ चं, १८ गिगाबिटचं, त्यात ४के ६० आरामात जातं, पण दोन्ही टोकं २.० हवीत.

तुम्ही म्हणाल लॅपटॉप तर २०२० चा आहे मग २००९ चं पोर्ट कसं. इंटेलच्या दहाव्या जनरेशनमधे दोन वेगळ्या जातीच्या चिप होत्या. कॉमेट लेक नावाच्या ज्या होत्या त्यांच्यातलं एचडीएमआय मुळात १.४ च, कंपनीने बोर्डावर वेगळी कन्व्हर्टर चिप टाकली तर २.० मिळायचं, आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपला ती कोण टाकणार. आइस लेकवाल्यांना २.० आतूनच होतं. प्रोसेसरच्या नंबरात शेवटी जी१, जी४, जी७ असं असेल तर आइस लेक, नुसतं यू असेल तर कॉमेट लेक. आणि अकराव्या जनरेशनपासून सगळं सुधारलं असं समजू नका, चिपला येत असूनही स्वस्त लॅपटॉपवर १.४ चंच पोर्ट दिलेलं मी भरपूर बघितलंय. दुकानदार सांगेल "४के सपोर्टेड आहे", खोटं बोलत नाही तो, ३० वर सपोर्टेड आहेच की. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरचं स्पेसिफिकेशन काढा आणि एचडीएमआयच्या पुढे काय आकडा आहे तो स्वतःच्या डोळ्याने वाचा.

मग उपाय. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे का ते बघा, आणि असेल तर त्याच्या शेजारी काय चिन्ह आहे ते बघा. विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे त्यातून चित्रही जातं, झकास, काही विचारच करायचा नाही. (बॅटरीचं चित्र असेल तर ते चार्जिंगचं चिन्ह, गल्लत करू नका.) इंग्रजी डी सारखं, आत पी दडलेलं चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्ट आहे, म्हणजे एचडीएमआयसारखीच चित्र पाठवायची दुसरी पद्धत, तेही झकास. नुसता यूएसबीचा त्रिशूळ असेल तर बऱ्याच वेळा त्यातून फक्त डेटा जातो, चित्र नाही, पण चिन्ह छापायचा कंटाळा केलेल्या कंपन्याही आहेत म्हणून परत तेच, स्पेसिफिकेशन वाचा.

डिस्प्लेपोर्ट निघालं तर तुमचं काम एका केबलीत आहे. टाइप-सी टू डिस्प्लेपोर्ट केबल घ्या, एका बाजूला सी, दुसऱ्या बाजूला डिस्प्लेपोर्ट, मधे डबी-बिबी काही नाही. एमजी रोडला गेलात तर तुमच्या हातात सेव्हन-इन-वन हब ठेवतील, त्यात पेनड्राइव्हही लागतो, कार्डही लागतं, लॅनही आहे, आणि एचडीएमआयसमोर मोठ्या अक्षरात ४के. खोक्याच्या मागे बघा, बऱ्याच हबवर बारीक अक्षरात ३० हर्ट्झ लिहिलेलं सापडेल. आणि ६० लिहिलेलं असलं तरी तुमच्या लॅपटॉपवर मिळेलच असं नाही, कारण टाइप-सीच्या आत वेगवान डेटाच्या चार लेन असतात, हबला यूएसबी ३ पण चालवायचं असतं म्हणून तो दोन लेन तिकडे देतो, चित्राला उरतात दोन. कॉमेट लेक चिपमधलं डिस्प्लेपोर्ट १.२ आहे, त्याच्या दोन लेनमधून साडेआठ गिगाबिटच जातात, म्हणजे परत ३० वर आलात, पैसे देऊन. थेट केबलीत चारही लेन चित्राला मिळतात, १७ गिगाबिटच्या वर, ६० मिळतं. पेनड्राइव्ह लावायला लॅपटॉपची बाकीची भोकं आहेतच.

ज्यांच्या मॉनिटरलाच टाइप-सी आहे, एकाच वायरीत चार्जिंग पण आणि चित्र पण, त्यांनाही हीच भानगड येते, फक्त ती मॉनिटरच्या मेनूत लपलेली असते. मॉनिटरच्या बटणाने मेनू उघडा, यूएसबी नाहीतर टाइप-सी नावाच्या खान्यात "हाय रिझोल्यूशन" का "हाय डेटा स्पीड" असं काहीतरी विचारलेलं असतं, ते रिझोल्यूशनवर करा. आणि तो मॉनिटर किती वॉट देतो बघा, ६५ देणारा असेल तर साध्या ऑफिस लॅपटॉपला पुरतो, गेमिंग लॅपटॉपला नाही पुरत, तो प्लग लावलेला असूनही बॅटरी खात बसतो.

मॅकवाल्यांसाठी एक ओळ, कारण तेही विचारणारच. एम१ आणि एम२ चिपवाल्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर लागतो, दोन लावायचे म्हणून हब आणू नका, दुसऱ्यावर पहिल्याचीच नक्कल दिसेल. एम३ एअरला झाकण बंद करून दोन लागतात, एम४ ला झाकण उघडं ठेवूनही.

समजा तुमच्या टाइप-सीतून चित्र जातच नाही. मग? मग ४के ६० विसरा, पण मॉनिटर फुकट गेला असं नाही. रिझोल्यूशन २५६० गुणिले १४४० करा, ते ६० हर्ट्झवर एचडीएमआय १.४ मधून नीट जातं. इथे एक गंमत आहे जी खूप जणांना अडवते: विंडोजच्या साध्या यादीतून १४४० निवडलं तर पुष्कळदा लॅपटॉप आतल्या आत चित्र मोठं करून मॉनिटरला ४के ३० चाच सिग्नल पाठवत राहतो, आणि तुम्ही म्हणता काहीच फरक नाही. त्याच ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत "ॲक्टिव्ह सिग्नल मोड" लिहिलेलं असतं, खरं काय चाललंय ते तिथे दिसतं. तिथून डिस्प्ले ॲडाप्टर प्रॉपर्टीज, लिस्ट ऑल मोड्स, आणि त्या यादीतून १४४० ६० हर्ट्झ निवडा. अक्षरं ४के एवढी धारदार नाही दिसणार, कडा जरा मऊ होतील, पण हात आणि क्रॉसहेअर एकत्र चालतील, आणि ड्रॉइंगच्या माणसाला तेच जास्त महत्त्वाचं, माझ्या मते तरी. डिस्प्लेलिंक नावाचे यूएसबी ॲडाप्टर मिळतात, ते प्रोसेसरकडून चित्र आवळून यूएसबीने पाठवतात, एक्सेल आणि मेलला चालतात, कॅडसाठी मी कुणाला देत नाही.

ग्राफिक कार्डवाल्या लॅपटॉपबद्दल विचारलंत. टू-डी ड्रॉइंगला ४के दाखवायला वेगळं कार्ड लागत नाही, तुमच्या चिपचं आतलं ग्राफिक ते करतं. पण ८ जीबीची एकच पट्टी असेल आणि एक स्लॉट रिकामा असेल तर तशीच दुसरी टाका. आतलं ग्राफिक स्वतःची मेमरी नसल्यामुळे रॅमच वापरतं, दोन पट्ट्या झाल्या की रॅमचा रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि ४केवर खिडक्या सरकवताना ते जाणवतं. नवीन लॅपटॉपच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

केबल. एचडीएमआय केबलवर "२.०", "२.१" छापलेलं असतं त्याला काही अर्थ नाही, केबलला अधिकृत आवृत्ती नसतेच, प्रीमियम हाय स्पीड (१८ गिगाबिट) आणि अल्ट्रा हाय स्पीड (४८ गिगाबिट) अशा जाती असतात आणि खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं. दोन मीटरच्या आत ठेवा. स्क्रीन मधूनच एक क्षण काळी होऊन परत येत असेल तर आधी केबल बदला.

आता अक्षरांचं. इथे बहुतेकांची अपेक्षाच चुकलेली असते, की ४के म्हणजे स्क्रीनवर चौपट जागा. जागा आहे, पण २७ इंचात ती १०० टक्क्यांवर वापरायला गरुडाचे डोळे पाहिजेत, इंचाला १६३ पिक्सेल होतात तिथे. ४के घ्यायचं ते अक्षर सुधारायला. स्केल १५० टक्के करा, जागा १४४० च्या मॉनिटरएवढी मिळेल आणि अक्षर ४केचं मिळेल. आणि हे इंग्रजीपेक्षा आपल्या मराठीला जास्त लागू आहे. हिशोब बघा, ११ पॉइंटचं अक्षर १०० टक्क्यांवर साधारण १५ पिक्सेलच्या चौकटीत काढावं लागतं. तेवढ्या १५ मधे शिरोरेघ, वरची वेलांटी, तिच्यावर रफार, त्याच्यावर अनुस्वार, खाली उकार, सगळं कोंबायचं. "विद्यार्थ्यांची" टाइप करून बघा जुन्या २४ इंची फुल एचडीवर, रफार आणि अनुस्वार मिळून एकच ठिपका होतो, द्या चा आतला भाग भरून जातो. १५० टक्क्यांवर त्याच मापाच्या अक्षराला २२ पिक्सेल मिळतात, आडवेही तितकेच, म्हणजे एकूण सव्वादोन पट, आणि र्थ्यां वरचं सगळं वेगळं वेगळं दिसतं. वकील मंडळींना मी ४के सुचवतो ते याच्यासाठी, दिवसभर स्कॅन केलेले सातबारा आणि फेरफार वाचायचे असतात त्यांना, तिथे ३ आणि ८ मधे घोळ झाला तर गट नंबरच बदलतो.

धूसर सॉफ्टवेअरचं कारण असं की जुन्या प्रोग्रामला स्केल म्हणजे काय हे माहीतच नसतं, तो १०० टक्क्यांचं चित्र काढून देतो आणि विंडोज ते फोटोसारखं ताणतं. त्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, खालची ओव्हरराइडची टिक लावा आणि यादीतून सिस्टिम (एनहान्स्ड) निवडा. पुष्कळ जुने प्रोग्राम याने लख्ख होतात. एखाद्याचे मेनू वेडेवाकडे झाले तर तिथेच नुसतं सिस्टिम करा, धूसर राहील पण वापरता येईल. बदल केल्यावर एकदा साइन आउट करून परत या, नाहीतर अर्धं जुनं अर्धं नवीन असं काहीतरी दिसतं.

ऑटोकॅडमधे आणखी एक. पिकबॉक्स, ग्रिपसाइझ, अपर्चर ही मापं पिक्सेलमधे असतात, त्यामुळे जुन्या व्हर्जनला ४केवर ते चौकोन इतके बारके होतात की रेघ पकडताच येत नाही आणि माणूस माऊसला शिव्या घालतो. कमांड लाइनवर ही नावं टाइप करून आकडे वाढवा, हाताला बसेल तेवढे.

लॅपटॉपची स्क्रीन पण शेजारी चालू ठेवणार असाल तर दोन्हीचं स्केल एकच ठेवा. तुमची १५.६ इंची फुल एचडी असेल तर ती इंचाला १४१ पिक्सेल, मॉनिटर १६३, फार लांब नाहीत, दोन्हीकडे १५० ठेवलं तर जुना प्रोग्राम इकडून तिकडे ओढला तरी धूसर होत नाही. लॅपटॉपवर जागा कमी वाटेल, पण तिथे व्हॉट्सॲप आणि मेलच ठेवायचं असतं.

६० हर्ट्झ करूनही माऊस अडखळला तर वायरलेस माऊसचा डोंगल कुठे आहे ते बघा. चालू असलेल्या यूएसबी ३ पोर्टमधून, हबमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंधळ सुटतो, आणि बरेचसे वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात चालतात. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा.

४३ इंची टीव्ही मॉनिटर म्हणून वापरू का असं विचारणारे पण असतात. चालतो, पण टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआयला पीसी असं नाव द्या किंवा पीसी मोड शोधा, नाहीतर टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतो आणि काळ्यावरची बारीक लाल रेघ पसरलेली, मळकी दिसते. कॅडमधे लाल लेअर असतोच असतो, लगेच लक्षात येईल.

आता एक गोष्ट जी कुठल्याच रिव्ह्यूत नसते आणि जुन्या नाशकात, पंचवटीत जुन्या वायरिंगच्या घरांत मी आवर्जून तपासतो: अर्थिंग. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात का? येत असतील तर बोर्डाच्या तिसऱ्या भोकात अर्थिंग नावालाच आहे, नाहीतर चार्जरच दोन पिनचा आहे. मॉनिटर एका बोर्डावर, लॅपटॉप दुसऱ्या, आणि दोन्ही चालू ठेवून एचडीएमआय खुपसली की दोन्हींतल्या व्होल्टेजचा सगळा फरक त्या नाजूक पोर्टमधून जातो, आणि असं पोर्ट मेलं की कधीकधी लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलायची वेळ येते. इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग करून घ्या, तोवर दोन्ही एकाच स्पाइक गार्डवर लावा आणि वायर आधी जोडून मगच स्विच चालू करा.

लाइटचं म्हणाल तर २७ इंची मॉनिटर साधारण ३० ते ५० वॉट खातो, घरच्या इन्व्हर्टरला त्याचं काही ओझं नाही. फक्त इन्व्हर्टरच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा, दुसऱ्या मोडवर लाइट जाता-येता मॉनिटर बंद होऊन परत चालू होतो आणि सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर येऊन पडतात. विंडोज ११ मधे डिस्प्लेच्या मल्टिपल डिस्प्लेजमधे खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायची टिक आहे, ती लावून ठेवा.

तर तुमच्या जागी मी असतो तर आज स्पेसिफिकेशन वाचलं असतं, टाइप-सीत डिस्प्लेपोर्ट असेल तर उद्या केबल आणली असती आणि विषय संपवला असता. नसेल तर चार दिवस १४४० वर काम करून बघा, चाललं तर ठेवा, पुढचा लॅपटॉप येईल तेव्हा हाच मॉनिटर पूर्ण ताकदीने चालेल. आणि अजिबातच नाही पटलं तर बदलून १४४० चा २७ इंची घ्या, तो तुमच्या आहे त्या एचडीएमआयवर ६० ने चालेल, स्केलची कटकटही नाही. फक्त परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर बघून घ्या, आणि खोकं आणि आतलं थर्माकोल तोवर माळ्यावर राहू द्या, दुकानदार आधी तेच मागतो.